मांजर सोकावतं ते कशामुळे?

१. आधी चोर कोण ते ठरवू

शहापूर-मुरबाडकडे मांजरांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "घरात एवढे उंदीर नाचतायत, ते सोडून हे मांजर कोंबडीची पिल्लंच का धरतं?" त्यामागोमाग बाकीच्या तक्रारी येतात. चुलीच्या राखेत घाण करतं. शिंकाळ्यावरची सुकट पळवतं. बोका दाराच्या चौकटीवर मुतून जातो. उचलायला गेलं की बोचकारतं. निकालही ठरलेलाच असतो : मांजर सोकावलंय.

मला हा निकाल मान्य नाही. ज्याला आपण खोड म्हणतो, ते बहुतेक वेळा मांजराचं अगदी साधं वागणं असतं. फक्त ते आपल्या गैरसोयीच्या जागी आणि गैरसोयीच्या वेळी घडतं. ते तिथं आणि तेव्हाच का घडलं हे शोधलं, तर निम्म्या खोड्यांवर इलाज सापडतो.

पिल्लांपासूनच सुरुवात करू. पिल्लं जायला लागली की चोर मांजरच आहे ना, हे आधी बघावं. तानसा अभयारण्याला किंवा माळशेजच्या रानाला लागून असलेल्या पाड्यांवर मुंगूस, उदमांजर, शिक्रा, घार असे पिल्लांचे गिऱ्हाईक पुष्कळ. शिवाय बाऊल, म्हणजे रानमांजर. पाय लांब, शेपूट आखूड, पण तिन्हीसांजेच्या उजेडात ते घरच्या मांजरासारखंच दिसतं. पिल्लू बाऊल नेतं आणि मार घरची मनी खाते.

समजा, चोर घरचाच निघाला. मग वजनं बघू. घरातला लहान उंदीर १५-२० ग्रॅमचा असतो. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू भरतं ३०-३५ ग्रॅम. शेतातली मोठी घूस किलोच्या आसपास जाते आणि उलटून चावते. चिचुंद्री मारली तरी तिच्या वासामुळे मांजर ती सहसा खात नाही. आता तीन किलोच्या मांजरानं यातलं काय निवडावं?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचराप्रक्रिया केंद्रात संशोधकांनी कॅमेरे लावले आणि ७९ दिवस तिथल्या मोठ्या उंदरांवर व भटक्या मांजरांवर नजर ठेवली. ही पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेवढ्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर किती? दोन. मोठा उंदीर समोर आला की मांजर बसून बघत राहतं आणि उंदीरही ते ओळखून असतो. कोंबडीचं पिल्लू ना चावत, ना बिळात शिरत. वर ते चिवचिवून आपला पत्ताही सांगतं. म्हणून पिल्लं जरा मोठी होईपर्यंत कोंबडीसकट डालग्याखाली ठेवणं हा जुना उपाय आजही सगळ्यांत भरवशाचा आहे.

२. पहिले सात आठवडे

म्हशाच्या यात्रेत बैल घ्यायचा तर माणूस त्याचे दात बघतो, खूर बघतो, त्याला चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. मांजराचं पिल्लू फुकटात मिळतं, म्हणून त्याची चौकशी कुणी करत नाही. खरं तर ते कुठं जन्मलं, आईपाशी किती दिवस होतं आणि माणसाचा हात त्याला पहिल्यांदा कधी लागला, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पिल्लांचे डोळे आठवडा-दहा दिवसांत उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात यावर प्रयोग केले. या काळात रोज थोडा वेळ माणसाच्या हातात राहिलेली पिल्लं पुढे माणसाला बिचकत नाहीत, असं त्यांना दिसलं. ही वेळ टळल्यावर पिल्लू माणसाळवायला खूप अधिक कष्ट पडतात आणि काही पिल्लं कायमची बुजरी राहतात.

हेच आता आपल्याकडच्या घरांत बघू. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. सातचा हिशोब सोडून द्या, पण ती जागा बदलते हे खरं. बोक्याची चाहूल लागली, जागेला वास येऊ लागला किंवा पोरांनी सारखं डोकावायला सुरुवात केली की ती पिल्लांना मानेला धरून दुसरीकडे नेते. गजबजलेल्या वस्तीत ती एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जाते, आणि माणसं पिल्लांच्या नजरेसमोर राहतातच. अर्धा पाडा रिकामा असेल तर मात्र तसं होत नाही. कित्येक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली मांजरी फेब्रुवारीत व्याली, तर माणसं परत येतात तेव्हा पिल्लं तीन महिन्यांची झालेली असतात आणि माणूस कसा असतो हे त्यांनी जवळून पाहिलेलंच नसतं. जवळ गेलं की ती फिसकारतात. लोक त्यांना रानटी म्हणतात. त्या पिल्लांचे सात आठवडे रिकाम्या घरात सरले, एवढाच त्यांचा गुन्हा.

थोडा वाटा बापाचाही असतो. केंब्रिजच्या सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं नव्या माणसाकडे आणि नव्या वस्तूकडे अधिक धीटपणे जातात. बोका काही पिल्लं वाढवत नाही. तेव्हा हा धीटपणा शिकवलेला नसतो, तो रक्तातून आलेला असतो.

याच्या नेमकी उलटी चूक म्हणजे घाई. "एक पिल्लू द्या हो" म्हणत कुणी येतं आणि महिन्याचं पिल्लू पिशवीत घालून घेऊन जातं. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते ओरडतं, खेळ मोडतो आणि चावणाऱ्याला समज येते. एकट्यानं वाढलेल्या पिल्लाला ही समज कोण देणार? त्यात आपण त्याला हाताच्या बोटांवर खेळवतो. दोन महिन्यांचं असताना त्याचं चावणं गोड वाटतं, वर्षाचं झालं की रक्त निघतं. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठानं ५,७२६ मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला. चौदा आठवड्यांपर्यंत आईपाशी राहिलेली मांजरं अधिक शांत निघाली.

कोंबडीच्या पिल्लांच्या प्रश्नाचा दुसरा धागाही इथंच सापडतो. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञानं १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजराच्या पिल्लांचे तीन गट केले होते. पहिल्या गटातल्या २१ पिल्लांनी आईला उंदीर मारताना पाहिलं होतं, त्यांतली १८ पुढे उंदीर मारू लागली. दुसऱ्या गटातली २० एकटी वाढली, त्यांतल्या ९ पिल्लांनी उंदीर मारले. तिसऱ्या गटातली १८ उंदरांच्याच सोबतीनं वाढवली होती, त्यांतल्या फक्त ३ पिल्लांनी. मारण्याची ऊर्मी जन्मजात असते, पण कुणाला मारायचं आणि कुणाला सोडायचं हे बऱ्याच अंशी लहानपणी ठरतं. ओटीवर कोंबड्यांच्या घोळक्यात वाढलेली कितीतरी मांजरं पिल्लांना हुंगून सोडून देतात, त्याचं कारण हेच असावं.

३. उपाशी मांजर जास्त उंदीर मारतं का?

तसं खात्रीनं म्हणता येत नाही. पण हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी कितीतरी मांजरं अर्धपोटी राहतात.

मांजराच्या मेंदूत भूक आणि शिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुकेनं शिकारीला जोर येतो, पण पोट भरलेलं मांजरही झडप घालतं. हिशोब करून बघा. तीन किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. एका लहान उंदरातून मिळतात ३० च्या आसपास. म्हणजे नुसत्या उंदरांवर जगायचं तर रोज सहा-सात उंदीर हवेत, आणि प्रत्येक झडप काही साधत नाही. भूक लागल्यावरच शिकारीला निघायचं ठरवलं, तर मांजर उपाशी मरेल. म्हणून संधी दिसली की ते धरतं, पोट भरलेलं असलं तरी.

अर्धपोटी ठेवल्यानं उंदीर कमी होतात की नाही, ते सांगता येत नाही, पण चोऱ्या मात्र नक्की वाढतात. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक पोषकद्रव्य त्याचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. ते सतत कमी पडलं तर डोळे आणि हृदय निकामी होतात. दूध-भातात ते नगण्यच असतं. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात, आणि मग "घरभर घाण करतं" ही नवी तक्रार उभी राहते. शिंकाळ्यावरच्या सुकटीकडे ते टक लावून बसतं, त्यामागे शरीराची गरज असते. रोजच्या भातात मूठभर जवळा किंवा मासळीची डोकी उकडून कालवली, तर शिंकाळं सुरक्षित राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

माळकऱ्याच्या घरात हे जमायचं नाही, ते समजण्यासारखं आहे. तिथलं मांजर आपली गरज बाहेर भागवतं आणि भागवू द्यावी. कुओ यांनी काही पिल्लं शाकाहारावरही वाढवून पाहिली होती. त्यांचं उंदीर मारणं कमी झालं नाही, मारलेला उंदीर खाणं मात्र बरंच घटलं. तेव्हा माळकऱ्याच्या मांजरानं उंदीर मारून दाराशी तसाच टाकला, तर नवल वाटायला नको.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३५५ मांजरं होती. मांसाचं प्रमाण भरपूर असलेला आहार दिल्यावर त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं दोरी-पीस घेऊन खेळवल्यावर २५ टक्क्यांनी घटली. पिल्लांवर डोळा ठेवणाऱ्या मांजरासाठी काठीला बांधलेलं कोंबडीचं पीस हा बिनखर्चाचा उपाय आहे. कणगीतल्या भातासाठी ज्यांना उंदीर मारणारं मांजर हवंय, त्यांनीही पोटभर घालावं, शिकार घटली तरी ती थांबत नाही. मांजराचा नुसता वावर आणि वासही उंदरांना सावध करतो.

४. राख, तूस आणि पाऊस

चुलीच्या राखेचं गाऱ्हाणं पावसाळ्यात वाढतं. यामागे साधं कारण आहे, पण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मांजराला विधीसाठी भुसभुशीत, कोरडी आणि उकरता येईल अशी जागा लागते. आधी उकरायचं, मग बसायचं, मग झाकायचं, हा त्याचा क्रम जन्मजात असतो. त्याचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले, तेव्हा ही आवड तिकडचीच. उन्हाळ्यात अंगण, वाफे, खळ्याची कड, कुठंही सोय होते. जूनमध्ये पाऊस लागला की सगळीकडे चिखल. सप्टेंबरपर्यंत कोरडी माती औषधालाही सापडत नाही. मग साऱ्या घरात भुसभुशीत आणि कोरडं असं काय उरतं? विझलेल्या चुलीतली राख आणि कोपऱ्यात ठेवलेलं भाताचं तूस. मांजर तिथं जातं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते स्वच्छतेनंच वागत असतं.

पडवीत पागोळ्या लागणार नाहीत अशा कोपऱ्यात एक जुनं घमेलं ठेवा. त्यात पाऊस सुरू होण्याआधी साठवलेली कोरडी माती, थोडी राख, थोडं तूस घाला. घाण रोज काढा. पहिले काही दिवस चुलीच्या तोंडावर पत्रा लावा. मांजराला पकडून घमेल्यात दाबू नका, जागा त्याला आपोआप सापडते. त्याच्या जेवणाच्या ताटलीशेजारी मात्र घमेलं ठेवायचं नाही, खातं तिथं मांजर घाण करत नाही. घरात मांजरं दोन असतील तर घमेली तीन, तीन असतील तर चार. जास्तीचं एक अशासाठी, की दांडगट मांजर एखादं घमेलं अडवून बसलं तरी दुसऱ्याची अडचण होऊ नये.

५. बोक्याचा कारभार

चौकटीवरचं मुतणं वेगळं. लघवी करताना मांजर खाली बसतं आणि पुष्कळ मुततं. फवारा मारताना बोका उभा राहतो, पाठ भिंतीकडे करतो, त्याची शेपूट थरथरते आणि थोडासाच पिचकारा उडतो. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसलाच हा प्रकार : मी इथं आहे, जागा माझी. म्हणून तो दार, चौकट, पायरी असल्या ये-जा होणाऱ्या जागाच निवडतो. धुऊन काढलं की पुढच्या खेपेला पुन्हा मारतो, कारण रुमाल कुणीतरी उचलला.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. संग झाला नाही तर दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते. नऊ आठवड्यांच्या आसपास गाभण राहून विते. आळीत एक मांजरी माजावर आली की चार वाड्यांवरचे बोके जमतात. मारामाऱ्या, रात्रभरचा आरडाओरडा, फवारे, जखमा, सगळं एकदम सुरू होतं. याला निर्बीजीकरणाइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हार्ट आणि कूपर यांनी १९८४ मध्ये नोंदवलं, की निर्बीजीकरण झालेल्या बोक्यांपैकी दहातला एखादाच फवारे मारत राहतो. मांजरींत तर विसातली एखादी.

आपल्याकडच्या तालुक्यांतले पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-बैल, म्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी उभे राहिले. मांजराची शस्त्रक्रिया तिथं होते का, ते आधी विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर कल्याण-डोंबिवलीत प्राण्यांचे डॉक्टर आहेत आणि परळला बैलघोडा हॉस्पिटल आहेच. एका मांजरीसाठी एवढी यातायात कशाला, असं वाटेल. पण ती मांजरी वर्षातून दोनदा, दर खेपेला तीन-चार पिल्लं देत राहिली, तर त्या पिल्लांचं काय करायचं हा प्रश्नही तुमच्याच दारात येणार.

त्या प्रश्नाचं चालत आलेलं उत्तर म्हणजे पोतं. मांजर किंवा पिल्लं पोत्यात घालायची आणि नदीपलीकडे, नाहीतर हायवेच्या हॉटेलामागे सोडून यायची. मोठं मांजर पुष्कळदा परत येतं. वाटेत रस्ता आडवा आला तर येत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

६. आसनगावच्या तिसऱ्या मजल्यावर

वासिंद, आसनगाव, खर्डी या स्टेशनांजवळ इमारती उभ्या राहिल्या आणि गावातलं मांजर फ्लॅटमध्ये आलं. घरातले सकाळच्या लोकलनं जातात, रात्री येतात. मांजर दिवसभर झोपतं, कारण करायला दुसरं काहीच नसतं. त्याचा खरा कामाचा वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांज. पहाटे चारला पांघरुणाबाहेर आलेल्या पायावर उडी पडते ती त्यामुळे. झोपण्याआधी दहा मिनिटं पळवून खेळवा आणि मग खायला घाला. शिकार, जेवण, झोप हा त्याचा मूळचा क्रम, तो रात्री लावून दिला की पहाट शांत जाते.

सोफा ओरबाडण्यावर ओरडून उपयोग नाही. नखांवरचं जुनं आवरण काढायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लावायला मांजराला काहीतरी ओरबाडावंच लागतं. एका लाकडी ओंडक्याला गोणपाट घट्ट गुंडाळून तो सोफ्याशेजारीच उभा करा.

फ्लॅटमधल्या मांजराची एक खोड माणसाला फार गोंधळात पाडते. मांजर खिडकीत बसलेलं असतं, मध्येच उठतं आणि घरातल्याच माणसाच्या पोटरीला कडाडून चावतं. कारण खाली उभं असतं : परका बोका. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून राग जवळच्यावर निघतो. अशा वेळी मांजराला हात लावू नये. खोलीत अंधार करून त्याला एकटं सोडावं. निवळायला कधी तासभर लागतो, कधी दिवसही जातो.

७. दुखणं, मार आणि चावा

वर्षानुवर्षं नीट वागणारं मांजर अचानक बदललं, तर खोड शोधू नका, दुखणं शोधा. बोका सारखा मुतायला बसतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, अशा वेळी त्याची मूत्रनळी तुंबलेली असू शकते. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ताबडतोब डॉक्टर गाठा. दात दुखणारं मांजर हनुवटीला हात लावू देत नाही. म्हातारं मांजर कधी ऐकू येत नाही म्हणूनही रात्री ओरडतं. उंदरांसाठी टाकलेलं झिंक फॉस्फाइड खाऊन मेलेला उंदीर मांजराच्या तोंडी लागला, तर तेही दगावू शकतं. मांजर पाळायचं आणि विषही टाकायचं, हे जमत नाही. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, माणसाची एक गोळी मांजराला मारू शकते.

मारल्यानं मांजर सुधारत नाही. घाण केल्याच्या जागी नाक घासण्याची पद्धत तर निव्वळ क्रूर आहे. दहा मिनिटांपूर्वीची घाण आणि आत्ताचा मार यांची सांगड मांजराला घालता येत नाही. त्याला एवढंच कळतं, की या माणसापासून लांब राहावं. मग ते तुमच्या नजरेआड, कपाटामागे घाण करतं आणि आपण म्हणतो, लबाड झालं.

एक गोष्ट मात्र खोड म्हणून कधीही सोडून देऊ नका. मांजर कारण नसताना अंगावर येतंय, लाळ गळतेय, घशाखाली काही जात नाही, किंवा एरवी लोचट असणारं मांजर अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसतंय, तर रेबीजची शंका घ्यावी. रेबीज कुत्र्यापासूनच होतो हा समज चुकीचा आहे. मांजर चावलं किंवा बोचकारलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही.